धुतलेली पिशवी, मिटलेली खिडकी

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस. आदल्या रात्री बारा वाजल्यापासून कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली होती आणि साखरेच्या गाठी आठ दिवस आधी आणून ठेवण्याइतकं दूरदर्शी घर विरळाच. त्यामुळे त्या वर्षी बऱ्याच गुढ्या गाठीविनाच उभ्या राहिल्या. दारात मात्र नवीच मांडामांड झाली होती. एक स्टूल, शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, जुनं फडकं आणि बाहेरून येणाऱ्याच्या चपलांसाठी वेगळा कोपरा. पुढचे काही महिने घरातल्या निम्म्या चिंता या उंबऱ्यापाशीच घुटमळत राहिल्या: आत काय येऊ द्यायचं, किती वेळानं, आणि कशानं धुऊन.

सगळ्यात आधी उंबऱ्यावर यायची ती दुधाची पिशवी. ती साबणानं धुवायची, पुसायची, फोडायची, मग दूध तापवायचं आणि पुन्हा हात धुवायचे. भाजी कुणी मिठाच्या पाण्यात टाकायचं, कुणी खायच्या सोड्याच्या, कुणी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात. काही घरांत तर कोथिंबिरीची जुडी भांड्यांच्या साबणातून निघाली, आणि हे करू नका असं अन्नसुरक्षेच्या लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं. किराणा दोन-तीन दिवस बाल्कनीत पडून राहायचा. नोटांवरून इस्त्री फिरायची. वर्तमानपत्रं दारात पडायची थांबली, कारण एप्रिलमध्ये राज्य सरकारनंच घरोघर वाटपाला मनाई केली होती.

आज हे आठवून हसू येतं. पण त्या हसण्यात थोडा अन्याय आहे. लोकांनी हे मनानं काढलेलं नव्हतं. त्यामागे एक खरा, चांगल्या नियतकालिकात छापलेला प्रयोग होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी नवा विषाणू निरनिराळ्या पृष्ठभागांवर ठेवून तो किती काळ जिवंत राहतो हे मोजलं. प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८, पुठ्ठ्यावर २४, तांब्यावर ४. ‘७२ तास’ हा आकडा फोनाफोनी होत घराघरांत पोचला, आणि किराण्याचे बाल्कनीतले तीन दिवस त्यातूनच ठरले.

आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ तेवढा सरळ नव्हता. त्याच प्रयोगात प्लास्टिकवरचा विषाणू साधारण सात तासांत निम्मा होत होता. पुढच्या सात तासांत त्या निम्म्याचा निम्मा. या हिशेबानं ७२ तासांनंतर उरतो तो सुरुवातीच्या हजारातला एखाद-दुसरा भाग. शिवाय प्रयोगशाळेत सुरुवातीलाच भरपूर विषाणू ठेवला होता. दूधवाल्याच्या बोटावरून पिशवीवर, तिथून आपल्या बोटावर आणि बोटावरून नाकापर्यंत येताना प्रत्येक टप्प्यावर त्यातला बराचसा गळतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये अंदाज दिला की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून आजार होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते. तोवर आपण वर्षभर पिशव्या धुऊन मोकळे झालो होतो.

पृष्ठभागांच्या प्रयोगाच्या त्या शोधनिबंधात आणखी एक आकडा होता. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांत विषाणू तीन तासांनंतरही जिवंत सापडला, आणि तीन तास एवढ्याचसाठी की प्रयोगच तेवढा चालला होता. हा आकडा कुठल्याच घराच्या दारावर चिकटला नाही. प्लास्टिक धुता येतं, स्टील पुसता येतं. हवेचं काय करायचं हे घराला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या काळातल्या घरगुती काळजीची सगळी गोष्ट इथे आहे. घर झटलं ते हाताला लागणाऱ्या वस्तूंसाठी, आणि आजार यायचा तो श्वासातून.

हात धुणं मात्र फुकट गेलं नाही, आणि साबणाचं काम समजून घेण्यासारखं आहे. या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलातुपाकडे. ते दुसरं टोक विषाणूच्या आवरणात घुसतं, आवरण फाटतं आणि आतला ऐवज विस्कटून पाण्याबरोबर वाहून जातो. यासाठी महागडा ‘जंतुनाशक’ साबण लागत नाही, कपड्यांची वडीसुद्धा चालते. लागतो तो वेळ, वीसेक सेकंद, कारण नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या घाईत सुटतात. सॅनिटायझरचंही एक गमतीचं सत्य आहे: शंभर टक्के अल्कोहोल हे ६० ते ८० टक्के अल्कोहोलपेक्षा कमी कामाचं. प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल काम पुरं व्हायच्या आत उडून जातं. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारला २०० मिलिलिटरच्या बाटलीला शंभर रुपयांची कमाल किंमत ठरवून द्यावी लागली, इतकी या बाटल्यांची तेव्हा झुंबड होती. ओट्यावर गॅसच्या शेजारी ठेवलेली तीच बाटली पेट घेऊ शकते, हे मात्र किमतीइतकं गाजलं नाही.

घरानं दिसेल त्याच्याशी झुंजायचं आणि रोगानं भलत्याच वाटेनं यायचं, हे आपल्याकडे आधीही घडलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला होता. म्हणजे जंतू माहीत होता, त्याची वाट माहीत नव्हती. तो घाणीत, ओलीत, अंधारात राहतो असं धरून सरकारनं घरांवर मोहीम उघडली. भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक, कुठे जमीनच खणून काढलेली, ऊन आत यावं म्हणून छपरावरची कौलं उतरवलेली, अंथरुणं-पांघरुणं जाळलेली. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा याच धामधुमीतला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं आधार घेतला तो याच कायद्याचा. पुण्यात गोरे शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे प्लेग अधिकारी रँड आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर यांच्या इतिहासातून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या.

या सगळ्या चुना-कार्बोलिकात पिसू कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की, प्लेग उंदरावरून माणसाकडे येतो तो पिसवेच्या चाव्यातून. त्याचं म्हणणं सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या पुढच्या कामानं त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९०५ नंतरची वर्षं उजाडली. गंमत अशी की, गावातल्या लोकांना यातलं अर्धं आधीच कळलं होतं. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचं. कारण ठाऊक नव्हतं, पण उपाय बरोबर होता. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसवा त्याला सोडून ऊब शोधत निघतात आणि घरात उरलेली ऊब माणसाची असते. घरच सोडलं तर पिसवांना चावायला कोणी राहत नाही. साहेबाचा चुना भिंतीवर बसत होता आणि गावकरी बायकापोरांसह माळावर. दोघांत शहाणा कोण, हे पुढच्या दहा वर्षांनी ठरवलं.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानं घरावर आणखी वेगळा घाला घातला. जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही शिपाई तापानं आजारी पडले. पहिली लाट सौम्य गेली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेनं घरंच्या घरं आडवी झाली. देशात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं गेल्याचे अंदाज आहेत. त्यात जगातल्या इतर अनेक ठिकाणांपेक्षा वेगळी बाब अशी की, हिंदुस्थानात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात दगावल्या. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. ताटातलं अन्न कमी झालं की कुणाच्या वाट्याचं आधी कमी होतं आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर कोण बसतं, या दोन प्रश्नांची उत्तरं एकच येत होती.

आता पुन्हा २०२० च्या घरात येऊ, आणि हवेकडे. स्वयंपाकघरात लाल मिरचीची फोडणी पडली की ठसका फक्त ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला लागत नाही. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारा माणूसही खोकतो, आणि दारं-खिडक्या मिटलेल्या असतील तर फोडणी होऊन गेल्यावरही खोकत राहतो. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना आपल्या तोंडानाकातून निघणारे सर्वांत बारीक थेंब असेच वागतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक मात्र तरंगत राहतात आणि बंद खोलीत साठत जातात. ‘दो गज की दूरी’ हा नियम मोठ्या थेंबांसाठी ठीक होता. बारीक थेंबांपुढे, तेही एकाच खोलीत तासन्‌तास घालवायचे असताना, दोन यार्डांना फारसा अर्थ उरत नाही.

हे मान्य व्हायला विलक्षण वेळ लागला. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना ठामपणे सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये ब्रिस्बेनमधल्या प्राध्यापक लिडिया मोरावस्का यांच्या पुढाकारानं २३९ शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. संघटनेच्या माहितीत हवेतल्या प्रसाराचा स्वच्छ उल्लेख आला तो एप्रिल २०२१ च्या शेवटी. भारतात के. विजयराघवन यांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मे २०२१ मध्ये साध्या भाषेत सूचनापत्रक काढलं: खिडक्या उघडा, पंख्याच्या साहाय्यानं आतली हवा बाहेर काढा, बारीक थेंब दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. तोवर दुसरी लाट कळसाला पोचून गेली होती.

आणि घरं काय करत होती? खिडक्या लावून घेत होती. समोरच्या इमारतीत रुग्ण निघाला की त्या बाजूची खिडकी बंद. खालच्या मजल्यावर निघाला की डक्टची झडप बंद. बाहेरची हवा वाईट आणि घरातली आपली, ही समजूत फार खोल आहे. वास्तविक मोकळ्यावरचा विषाणू वाऱ्यानं इतका विरळ होतो की समोरच्या इमारतीतून तो आपल्या खिडकीत येणं जवळपास अशक्य. धोका असलाच तर आपल्याच घरातल्या, आपल्याच शेजारी जेवायला बसलेल्या माणसाच्या श्वासाचा होता.

घरातला धोका नेमका किती, याचं एक उत्तर अनेकांना चकवणारं आहे. पहिल्या वर्षातले जगभरचे ५४ अभ्यास एकत्र करून संशोधकांनी हिशेब मांडला. घरात एकाला लागण झाली तर इतर सदस्यांपैकी सरासरी १६.६ टक्क्यांनाच ती झाली होती. नवरा-बायकोंमध्ये हे प्रमाण साधारण ३८ टक्के. एकाच्या ताटात जेवून, एकाच खोलीत झोपूनही अनेक जण सुटले, कारण काही रुग्ण खूप पसरवतात आणि बरेचसे जवळपास नाही. पुढच्या डेल्टा आणि ओमायक्रॉन प्रकारांनी हे गणित बिघडवलं. पण ‘एकाला झालं म्हणजे सगळ्यांना होणारच, आता वेगळं कशाला ठेवायचं’ असं जे घरोघर म्हटलं गेलं, ते निदान सुरुवातीला खरं नव्हतं. वेगळं ठेवण्याला अर्थ होता.

अर्थात वेगळं ठेवायला वेगळी खोली लागते. गृहविलगीकरणाच्या नियमांत स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय सहज लिहिलेलं असायचं. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं तीन विभागांत रक्ताच्या चाचण्या केल्या. झोपडपट्टीच्या वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, वस्त्यांबाहेर १६ टक्क्यांच्या. वस्तीतली माणसं हात कमी धुतात म्हणून हा फरक पडला, असं मानणाऱ्यांनी एकदा सामायिक शौचालयाच्या रांगेत सकाळी सात वाजता उभं राहून यावं. आत खिडकी नाही, असली तर विटांच्या फटी. आधीचा माणूस पाच मिनिटं श्वास सोडून गेलेला, आणि दार आतून लावल्याशिवाय गत्यंतर नाही. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. तिथे संशयितांना आणि त्यांच्या घरच्यांना शाळा, सभागृहं, क्रीडासंकुल अशा ठिकाणी हलवण्यावर भर दिला गेला. घरात माणूस वेगळा ठेवता येत नाही एवढं मान्य करूनच ती योजना आखलेली होती. तिथे जे साधलं त्याचं श्रेय सॅनिटायझरच्या फवाऱ्यांपेक्षा मी या हलवाहलवीला देईन.

काढा, हळदीचं दूध आणि वाफ यांबद्दल थोडक्यात. हळदीच्या दुधानं कुणाचं बिघडलं नाही. काढ्यात मिरी-दालचिनी मूठमूठ घालून दिवसातून चारदा पिणाऱ्यांना पित्तानं गाठलं. वाफेनं चोंदलेलं नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. उलट उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर उलटून मुलं भाजल्याचे प्रकार मात्र घडले.

हे धुणं, पुसणं, उकळणं करत कोण होतं? टाळेबंदीच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांवरच्या ८१ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनपगारी घरकाम करत होत्या आणि २६ टक्के पुरुष. करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. या पाच तासांवर मग पिशव्या धुणं आलं. भांडी-धुणं करणाऱ्या मावशी सोसायटीच्या फाटकातून आत येईनाशा झाल्या, मुलांची शाळा मोबाइलवर भरू लागली, आणि डब्यात जाणारं जेवण ताटात गरम गरम वाढायची वेळ आली. चहाच्या फेऱ्या तर कुठल्याच पाहणीत मोजल्या जात नाहीत.

पुरुषांनी काहीच केलं नाही असं नाही. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांच्या अभ्यासात दिसतं की एप्रिल २०२० मध्ये बहुतेक राज्यांत पुरुषांचे घरकामाचे तास खरोखर वाढले आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर कमी झालं. ऑगस्टपर्यंत ते तास पुन्हा घसरले, पण साथीच्या आधीच्या पातळीपर्यंत नाही. पहिल्या महिन्यात गोल पोळीचे फोटो काढून पाठवणाऱ्यांपैकी काही जण ऑगस्टातही पोळ्या लाटत होते, असा याचा अर्थ लावायला हरकत नाही. मावशींच्या घरची गोष्ट निराळी. काही घरांनी त्यांना बिनकामाचा पगार दिला, काहींनी ‘तुम्ही आलाच नाहीत ना’ म्हणत कापला. येऊ नका हे कोणी सांगितलं होतं, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

वस्तूंच्या या गर्दीत एकच नवी वस्तू अशी आली, जिला डोळ्यांना न दिसणारं काहीतरी दिसत होतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. त्याचं मूळ जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या कामात आहे. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं हे ते एक रंगद्रव्य टोचून, प्रकाशाच्या मदतीनं मोजू पाहत होते, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे मोजणीत सारखा व्यत्यय येत होता. तो व्यत्यय घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की ज्याला आपण अडचण समजतो त्यातच रक्तातल्या प्राणवायूची खबर आहे. ही १९७० च्या दशकातली गोष्ट. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, लाल आणि अवरक्त. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. मधली त्वचा, हाड, मांस यांचं शोषण स्थिर असतं. ठोक्यागणिक बदलतो तो फक्त धमनीतल्या रक्ताचा भाग, म्हणून तेवढाच निवडून मोजता येतो. आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले, त्यांचं यंत्र जगभरच्या घरांत शिरू लागलं होतं नेमक्या त्याच दिवसांत.

घरात त्याची गरज पडली, कारण या आजारात रक्तातला प्राणवायू उतरत असतानाही माणूस गप्पा मारत बसलेला असायचा. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यानं, आणि तो तर इथे बाहेर पडत राहायचा. शरीराची धोक्याची घंटा वाजायचीच नाही. म्हणून ९४ च्या खाली आकडा गेला की डॉक्टरांना कळवायचं, आणि घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, ही पद्धत रूढ झाली. बोटाला मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल, हात गार पडलेले असतील तर आकडा चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की कृष्णवर्णीय रुग्णांत हे यंत्र प्राणवायू असतो त्याहून जास्त दाखवण्याची चूक अधिक वेळा करतं. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात या गोष्टीची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. लोक एका आकड्यावर टेकून बसले. खरं तर बघायला हवं होतं ते दिवसागणिक आकडा कुठल्या बाजूला सरकतोय ते.

हवा मात्र मोजली गेली नाही, ना तेव्हा ना नंतर. तिचंही गणित अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये घरांसाठी माणशी सेकंदाला किमान दहा लिटर ताज्या हवेची शिफारस केली. आपल्या घरातला छताचा पंखा यात काहीच भर घालत नाही. तो आहे तीच हवा ढवळतो. भिंतीवरचा एसी तीच हवा गार करून परत सोडतो, आणि त्यासाठी खिडकी लावून घ्यावी लागते. उपयोग होतो तो समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांचा, एकीतून आत आणि दुसरीतून बाहेर. आजारी माणसाच्या खोलीत टेबलफॅन खिडकीपाशी बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवला आणि खोलीचं दार लोटून घेतलं, तर खोलीतली हवा घरात यायच्या ऐवजी बाहेर ढकलली जाते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फोडणीपुरता न लावता दिवसभर चालू ठेवला तरी तेच काम करतो. कोथिंबीर धुण्यापेक्षा याला कष्टही कमी. पण त्यात आपण काही करतोय असं वाटत नाही, ही त्याची मोठी उणीव.

जुन्या घरांना हे सांगावं लागत नव्हतं. वाड्याला चौक होता, माळवदाच्या घराला वर सवणं, म्हणजे छतातला झरोका, होतं, चाळीच्या खोलीला पुढे गॅलरी आणि मागे खिडकी होती, दारावर झडपेची फट असायची. हे सगळं उजेडासाठी, धुरासाठी, उकाड्यासाठी होतं. आरोग्य त्याच्या पाठोपाठ आलं. त्याच घरांत अंधारी बाळंतिणीची खोलीही होती, म्हणून जुनं ते सोनं म्हणायचं कारण नाही. पण नव्या फ्लॅटची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक तावदान कायम दुसऱ्यापुढे उभं असतं. लाकडी पाखांची खिडकी सबंध उघडायची. पेरूची राजधानी लिमा इथल्या इस्पितळांत काही संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि २००७ मध्ये छापलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या की खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्रानं हवा खेचणाऱ्या खास खोल्यांत ती १२ वेळा बदलायची. १९५० पूर्वीच्या उंच छताच्या इमारती तर नव्यांच्या दुप्पट हवेशीर निघाल्या.

लिमाचा तो अभ्यास क्षयरोगासाठी होता, आणि घराच्या हवेचा प्रश्न आपल्याकडे कोविडनं आणलेला नाहीच. क्षय हवेतून पसरतो हे अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका इस्पितळात १९५० च्या दशकात सिद्ध झालं. क्षयरुग्णांच्या वॉर्डमधली हवा नळीनं वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली, आणि रुग्णांना कधीही न शिवलेले ते प्राणी आजारी पडले. दुसऱ्या पिंजऱ्यांत तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन सोडली होती, तिथले ठणठणीत राहिले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आज भारतात आहे.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे झोपडपट्टीतल्या आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबांना पक्की घरं दिली गेली. कागदावर हे पुनर्वसन. इमारती मजल्यांवर मजले चढलेल्या आणि दोन इमारतींच्या मधे अवघं तीन मीटर अंतर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी तिथल्या घरांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला. तुलनेसाठी घेतलेल्या जास्त मोकळ्या वसाहतीपेक्षा या दोन ठिकाणी क्षयाचं प्रमाण कितीतरी जास्त होतं, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक, जिथे ऊनही पोचत नाही आणि वाराही. तिथे खिडकी आहे. ती उघडली की समोरच्या घरातली खिडकी लागते, आणि मधल्या फटीत वरून पडलेला कचरा कुजत असल्यामुळे खालच्या मजल्यांवरचे लोक ती बारा महिने लावूनच ठेवतात.